शेवंतीला पुरणपोळी कोणी चारली?

मंडळी, आज पोळा. गोठ्यात बसून लिहितोय.

दुपारी बैलांची पूजा आटोपली अन् आमची घोडी शेवंती खाली बसली. उठली, परत बसली. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे पाहत होती. मग एकदम लोळायलाच लागली.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते लोणारहून निघाले. म्हणाले, "पोटशूळ दिसतो. लोळू देऊ नका, फिरवत राहा."

ते येईपर्यंत मी तिला अंगणात फिरवत होतो. ती थांबली की माझा श्वास थांबायचा.

इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी विचारलं, "आज वेगळं काय खाल्लं हिनं?"

मग आई हळूच म्हणाली, "बैलाईले पुरणाची पोयी देली, तं हिलेबी एक देली."

बाबा म्हणाले, "मीबी देली एक."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मले काय मालूम! मीबी देली ना."

राग असा आला, पण ओरडू कोणावर? सगळ्यांनी लाडानंच चारली होती.

संध्याकाळी तिनं लीद टाकली, म्हणजे पोट मोकळं झालं. बाबांनी त्या लिदेला हात जोडले. हसू नका, मीही जोडले.

सकाळपर्यंत फक्त पाणी द्या, असं सांगून डॉक्टर गेले. आता शेवंती उभी आहे अन् माझा खिसा हुंगून राह्यली. रोज तिथं गूळ असतो. ती मागतेय म्हणून जीव भांड्यात पडतो, अन् मागतेय म्हणूनच तिच्याकडे पाहवत नाही.

सांगा ना, हिले नाही कसं म्हणू?