चार वेळा धुतलेली बाटली

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी काका चष्मा खिशात ठेवायचे आणि काचेच्या बशीशेजारी नखाने दोनदा टकटक करायचे. "कोन हाय का घरात?"

घरात असायची सूत्रकृमींची अंडी. बटाट्याची मुळं पोखरणारी ही जात. खसखशीएवढ्या तपकिरी कवचात शेकडो अंडी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतात. जवळ बटाट्याचं मूळ आलं, त्यातून काहीतरी पाझरलं, की जागी होतात. तो पाझर आमच्या महापेच्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवायचा, हे माझं काम. रिकाम्या शेतात तो सोडला की पिल्लं बाहेर येणार आणि मूळच नाही म्हणून उपाशी मरणार.

"म्हंजे जेवायला बोलवायचं न पानच मांडायचं नाय," काका म्हणाले. "कठीण हाय म्याडम तुमचं."

काका जासईचे, आमचे सगळ्यात जुने मदतनीस. त्यांच्या भातशेतीवर आता कंटेनर उभे आहेत. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते आणि एकच हट्ट होता, "जायच्या आधी एकदा उठलेली बघायचीत."

आणि एका सकाळी माझ्या द्रावणाच्या बशीत पिल्लं वळवळताना दिसली! मी नाचायचीच बाकी होते. पेढे आले. सगळे खात होते तेव्हा काका आपला पेढा तसाच ठेवून, तुलनेसाठी मांडलेल्या साध्या पाण्याच्या बशीपाशी गेले. त्या बशीत काहीच उठायला नको होतं. टकटक झाली. मग बराच वेळ ते वाकूनच राहिले.

"म्याडम, यातपन उठलीत."

पाण्याची बाटली त्यांनीच भरली होती. आधी तिच्यात टोमॅटोच्या मुळांवरून गाळलेलं पाणी असायचं. टोमॅटो बटाट्याच्याच कुळातला, त्याच्या मुळांनीही ही अंडी उठतात. चांगली काचेची बाटली टाकवेना, म्हणून काकांनी ती चार वेळा धुऊन साधं पाणी भरलं. तेच पाणी माझ्या द्रावणातही गेलं होतं, म्हणजे पिल्लं माझ्या द्रावणाने उठली असं म्हणताच येईना.

"चूक माझी. लिवा तसं."

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. खरं सांगते, मी चिडले. संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मग घरी जाताना लख्खकन जाणवलं, की चार वेळा धुतलेल्या बाटलीत जे उरलं ते आमच्या कुठल्याच यंत्राला दिसलं नसतं, आणि त्या झोपलेल्या अंड्यांना कळलं होतं. आजही अंगावर काटा येतो. आणि तसाच काटा काकांनी न खाल्लेला पेढा आठवला की येतो.

नवी बाटली, नवी अंडी घेऊन पुन्हा सुरुवात केली. मधल्या काळात काका निवृत्त झाले, त्यांचं स्टूल रिकामं झालं.

पिल्लं परत दिसली त्या सकाळी मी पहिला फोन त्यांना लावला. "काका, उठली!"

"साध्या पान्याची बशी बघितली?"

नव्हती बघितली. फोन कानाशी धरूनच गेले आणि नखाने दोनदा टकटक केली. पलीकडून हळूच आवाज आला, "कोन हाय का घरात?"

मी नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"कोणी नाही, काका."

"आता द्या माझा पेढा."