लिव्हरपूलमधली पालखी

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं म्हणण्याचा मला पगार मिळतो. दृष्ट लागणं, अंगात येणं, बाहेरची बाधा... माहेरी नाही की सासरी नाही, मी यातलं कधीच काही मानलं नाही. या साइटवर येणारे असले अनुभवसुद्धा मी चहा पिताना करमणूक म्हणून वाचायचे. तरी आज लिहितेय, कारण पाच वर्षं हे एकटीने सांभाळलं आणि आता झेपत नाहीये.

२००४ चा हिवाळा. आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये, लंडनजवळ रीडिंगला राहायचो. आमची मुलगी सई वेळेआधी झालेली. सात महिन्यांची झाली तरी वजन धरत नव्हती, आणि छातीतली घरघर काही केल्या थांबत नव्हती. सतत हॉस्पिटलच्या वाऱ्या. एका डॉक्टरीणबाईंनी तर अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, हा हिवाळा निघायला हवा.

सासूबाई गुहागरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर मदतीला आल्या होत्या. त्यांचा उपाय एकच – नातीला देवाच्या पायावर घालायचं. लंडनमध्ये वेम्बलीपासून ईलिंगपर्यंत एक देऊळ सोडलं नाही. कुणाकडे चहाला गेलो तरी त्यांच्या देवघरातल्या बोटभर बाळकृष्णापुढे सई आडवी! मी वैतागायचे, पण अडवायचे नाही. खरं सांगायचं तर मलाही कुठून तरी मदत हवीच होती.

मंदारचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, लिव्हरपूलला क्लायंटकडे काम निघालं, म्हणून वीकेंडला आम्ही सगळेच गेलो. शनिवारी चायनाटाऊनमध्ये जेवलो. बाहेर मिट्ट काळोख आणि बारीक पाऊस. मंदार गाडी आणायला गेला. आम्ही दोघी मागच्या गल्लीत एका दुकानाच्या छपराखाली थांबलो. सई शालीत गुंडाळलेली, सासूबाईंच्या हातात.

तेवढ्यात ती मिरवणूक आली.

चायनीज न्यू इयरचे ढोल आणि नाचणारे सिंह मी लंडनला पाहिले होते. तसला दणदणाट इथे नव्हता. लाकडावर लाकूड आपटल्याचा टक्... टक्... आवाज, पुढे लाल कागदी कंदील घेतलेली माणसं, आणि मागे खांद्यावर पालखी. पहिल्यांदा मला मजाच वाटली. कॅमेरा हॉटेलवर राहिला म्हणून हळहळले. मग फुटपाथकडे लक्ष गेलं. गल्लीतली सगळी माणसं – म्हातारे, वेटर, कडेवर मुलं घेतलेल्या बायका – मिरवणुकीकडे पाठ करून, बंद शटरकडे तोंड करून उभी होती. एकही जण बघत नव्हता. आणि एवढ्या पावसात ते कागदाचे कंदील कोरडे होते.



दुकानातली चिनी बाई बाहेर आली. तिथेच जन्मलेली असावी, बोलणं अस्सल लिव्हरपूलचं. माझा दंड धरून म्हणाली, "डोन्ट लुक, लव्ह. टर्न अराउंड."

"अहो आई, इकडे या!" मी म्हटलं.

"अगं, पालखी आहे!" सासूबाईंचा चेहरा फुलला होता. त्यांच्या गावी शिमग्यात पालखी दारात आली की तान्ही मुलं तिच्यापुढे घालतात. त्यांना यात वावगं काही दिसेचना. "देव तो देव. चिनी काय नि आपला काय!" असं म्हणत त्या रस्त्यात उतरल्यासुद्धा. "थांबा हो... लेकराला पायावर घालू दे."

आणि ते थांबले. त्यांनी पालखी खाली केली. सासूबाईंनी सईला आत ठेवलं. पडदा बाजूला झाला तेव्हा मला आतलं सगळं दिसलं... आत कुणीच नव्हतं. ना मूर्ती, ना फोटो. नुसतं रिकामं आसन, आणि त्यावर माझी मुलगी, वर बघून हसत.

दुकानातली बाई किंचाळली, "व्हॉट हॅज शी डन? यू डोन्ट गिव्ह देम अ चाइल्ड!"

पालखी उचलली गेली. सईसकट.

मी धावले. ते सावकाश चालत होते, मी जिवाच्या आकांताने धावत होते, आणि अंतर तेवढंच राहत होतं. मागून त्या बाईचा आवाज आला, "कॉल हर नेम! डोन्ट स्टॉप!"

सई... सई... सई! किती हाका मारल्या, देव जाणे.

पुढचं मंदारने सांगितलेलं. तो गाडी घेऊन गल्लीत शिरला तेव्हा रस्ता मोकळा होता, दुकानं बंद होती. मी भिजून चिंब, रस्त्याच्या मधोमध, सईच्या नावाने ओरडत होते. आणि सई माझ्या कडेवर होती.

त्या रात्रीपासून तिची घरघर थांबली. कायमची. महिन्याभरात वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचं असं आपोआप सुटतं. मंदार म्हणाला, झोप नाही, टेन्शन, भास. मीही तेच धरून बसले असते.

पण सासूबाईंनी त्यानंतर सईला हातात घेतलं नाही. तेल नाही, आंघोळ नाही, मांडीवर नाही. मी विचारलं की विषय बदलायच्या. परत जाताना हीथ्रोवर, आत जायच्या आधी, माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पालखी रिकामी नव्हती गं. आत बाई बसलेली. तू हाक मारलीस ना, त्याच्या आधी तिनं मारली. तुझ्याच आवाजात. आणि पोरीनं तिला हुंकार दिला... माझी चूक झाली गं." आणि ढसाढसा रडायला लागल्या.

भास एकाला होतो. दोघींना कसा झाला? मी पाच वर्षं डोकं फोडतेय.

सई आता शाळेत जाते. धडधाकट आहे, गोड आहे, माझ्यासारखीच दिसते. सासूबाई दर रविवारी फोनवर एकच विचारतात, "हाक मारलीस की बघते ना तुझ्याकडे?"

मी हो म्हणते. बघते ती. दुसऱ्या हाकेला. पहिल्या हाकेला ती खिडकीकडे वळते आणि म्हणते, "आले हं, आई."