तबकडीवरची दळणारी बाई

भोरचं संस्थान विलीन झालं तेव्हा गावातले काही बडे लोक बाडबिस्तरा आवरून पुण्याला गेले आणि त्यांचं नको झालेलं सामान जुन्या बाजारात आलं. पुढं काही वर्षांनी, मी शाळेत मास्तर म्हणून नुकता लागलो होतो तेव्हा, त्यातलाच एक चावीचा फोनो आणि खोकंभर तबकड्या फिरत फिरत आमच्या घरी आल्या. तबकड्यांवरचे कागद ओल लागून निघून गेले होते. कोण गातंय, कुठल्या मुलखातलं, कशासाठी, काही कळायला मार्ग नव्हता. मला तर त्याचाच आनंद झाला. नावाजलेल्या गाण्याला नावं ठेवायची तर चार लोक अंगावर येतात. इथं आम्ही म्हणू ती पूर्वदिशा.

आम्ही म्हणजे मी आणि शेजारचा शिंपी. मुसलमान गडी, माझ्याच वयाचा. संध्याकाळी मशीन झाकून तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. एक तबकडी लावायची आणि ती थांबली की दोघांनी मत द्यायचं, असा आमचा नेम. त्याची मतं कापडाच्या भाषेत असत. एका जाड्या आवाजाच्या बुवाबद्दल तो म्हणाला, अंगापेक्षा बंडी तंग झालीय. एक इसम गाता गाता मध्येच डोंगरात घालावी तशी कूक घालायचा. त्याची शेळी हरवली आहे आणि गाणं नुसतं निमित्ताला आहे, यावर आमचं एकमत झालं.

एक तबकडी मात्र निराळी होती. पेटी नाही, तबला नाही, नुसता एका बाईचा आवाज, आणि भाषाही आमच्यापैकी कुणाला न कळणारी. शिंप्याला ती मुळीच आवडली नाही, टाके उसवलेत म्हणाला. मला आवडली, पण का ते सांगता येईना, म्हणून मी उगाच आवाज चढवून वाद घातला. खरी आवडली ती ताईला.

ताई, माझी थोरली बहीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल गेलं होतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे आणि सगळे विचार मात्र तेवढाच करत. ताई दिवसभर पोटावर हात घट्ट धरून बसायची. ती बाई गायला लागली की तो हात सैल पडायचा. "तेवढा येळ भ्या वाटत न्हाई," ती म्हणाली. मग काय, मी शाळेतून आलो की रोज तीच तबकडी.

अशात वेल्ह्याकडच्या वाडीवरून आमची आत्या आली. त्या डोंगरात कुणी गेलं की आत्याला निरोप जायचा, कारण मयतीला रडताना गेलेल्या माणसाचे गुण तिच्यासारखे कुणाला गाता येत नसत. सुट्टीचा दिवस होता, सकाळीच तबकडी चालू होती. आत्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, तो खाली ठेवला.

"ही मयताची गानी हायत," ती म्हणाली. "पोटुशीच्या कानावर घालताय व्हय?"

हे काही आमच्यासारखं ओट्यावरचं मत नव्हतं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ती जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली आणि दुपारी आईला म्हणाली की सकाळपासून बाळ हाललेलं नाही. सुईण येऊन बघून गेली, सगळं ठीक आहे म्हणाली, पण ताईला ते पटेना. मला इतका संताप आला, माझ्यावर, फोनोवर आणि त्या बाईवर, की तबकडी फोडायला मी हात वर केला.

आईनं तो धरला. पुन्हा लाव म्हणाली. आत्या पदर सावरून उठायला लागली, तर तिलाही तिनं बसवलं.

"वन्सं, नीट ऐका. गानं न्हाई, त्याच्या मागचं ऐका."

मागं खरखर होती. फोनोची सुई वरचेवर बदलायची असते. आम्ही एकच सुई दगडावर घासून घासून किती महिने चालवली होती देव जाणे. घर्र घर्र असा आवाज दर फेऱ्याला चढायचा आणि उतरायचा.

"जातं हाय ते," आई म्हणाली. "बाई दळतीया. मयत झाल्याल्या घरात, सुतकात, जातं फिरतंय व्हय कुठं?"

मी सुईचं सांगायला तोंड उघडलं. आईनं मला चावी द्यायला सांगितलं.

आत्यानं डोळे मिटून सबंध गाणं ऐकलं. मयताच्या घरी चूलसुद्धा पेटत नाही, मग दळण कसलं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "दळतीयाच की," ती शेवटी म्हणाली, आणि वर पीठ जाडसर पडतंय असा शेराही मारला. ताई हसली, हसता हसता रडली आणि मग तिनं दूधभाकरी मागितली. खाता खाता थबकली, आईचा हात ओढून पोटावर ठेवला. बाळानं लाथ मारली होती. माझा जीव भांड्यात पडला. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, चुकीच्या मापाचा सदरा काय झकास बसला.

पुढच्या आठवड्यात तो अस्तर आणायला पुण्याला गेला आणि माझ्यासाठी नव्या सुयांची डबी घेऊन आला. मी जुनी सुई काढायला लागलो, तर आईनं डबी उचलून फडताळात ठेवली. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. ताईचे दिवस भरेपर्यंत ती बाई आमच्या घरी दळत राहिली.

मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकून मी उगाचच शिंप्याच्या दुकानापर्यंत पळत जाऊन पळत परत आलो. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

बारसं झालं, आत्या वाडीवर परत गेली. दुपारी ताई आणि तिची लेक आत निजल्या असताना आईनं ती डबी माझ्यापुढं ठेवली.

"बसीव आता. झालं तिचं दळान."

नव्या सुईनं आवाज स्वच्छ आला. जात्याचा मागमूस राहिला नाही. उरला नुसता त्या बाईचा गळा, आणि त्यात इतके दिवस कुणालाच न ऐकू आलेला हुंदका. मी घाईनं सुई उचलायला गेलो.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "लई दिस दाबून धरलं बिचारीनं. आता रडू दे तिला."