ढगात जाऊन आलेलं पाणी

चौथीच्या वर्गाला जलचक्र मी अकरा वर्षं शिकवतेय. पुस्तकातलं चित्र आता डोळे मिटून काढता येईल मला. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे हसरा सूर्य आणि वर-खाली जाणारे निळे बाण. वाटूर फाट्यापासून आत असलेल्या आमच्या गावात त्यातला सूर्य तेवढा आहे. समुद्र पाहिलेलं पोर माझ्या वर्गात आजवर आलेलं नाही, आणि डोंगर दाखवायचा म्हटलं तर पाझर तलावाच्या बांधावर समाधान मानावं लागतं.

"पाणी कुठून येतं?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "टँकरातून" म्हणतो. खरं उत्तर त्यांना येत असतं. पण टँकर म्हटलं की शहरातून आलेले पाहुणे हळहळतात, फोटो काढतात आणि कधीकधी वह्याही वाटतात, हे पोरांनी बरोबर हेरलेलं आहे. मी वह्या वाटत नाही, तरी सवय म्हणून मलाही तेच ऐकवतात.

मग मी पुस्तक मिटते आणि वर्ग खिचडीच्या खोलीत नेते. उकळत्या डाळीवरचं झाकण उचलून उलटं धरायचं आणि विचारायचं, हे थेंब इथं कुणी ठेवले? पोरं ओरडतात, वाफेनं. वाफ कशाची? पाण्याची. झालं, अर्धा धडा तिथंच संपतो. ऊन म्हणजे मोठी चूल. तलाव, विहीर, दोरीवरची चड्डी, म्हशीची ओली पाठ, सगळीकडचं पाणी उन्हानं वाफ होऊन वर जातं. जाताना दिसत नाही, पण जातं. वर गार असतं. तिथं त्या वाफेचे बारीक बारीक थेंब होतात, खूप थेंब जमले की ढग. थेंब एकमेकांना चिकटून जड झाले की ढगाला पेलवत नाहीत आणि पाऊस पडतो. त्यातलं काही ओढ्याला जातं, काही जमिनीत मुरून आपल्या हापशाला येतं. पुन्हा ऊन, पुन्हा वाफ. नवीन पाणी कुणी करत बसत नाही, आहे तेच फिरतंय.

गेल्या जुलैत हे सांगून झाल्यावर एकानं विचारलं, "मंग मॅडम, माझ्या बाटलीतलं पाणी आधी दुसऱ्यानं पेलेलं हाय?"

"पुष्कळांनी."

"म्हशीनं बी?"

"म्हशीनं बी."

वर्ग आनंदानं ओकाऱ्या काढू लागला. तो गोंधळ शमल्यावर खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, पायात भावाची मोठी चप्पल, आणि सगळं खरंच समजून घ्यायची वाईट खोड. "मंग आमच्या वस्तीच्या हापशाचं पाणी अन् वरच्या गल्लीतलं पाणी एकच हाय का?"

"एकच," मी म्हणाले. पुस्तकाच्या आधारानं बोलताना माणूस किती धीट होतो.

ती मुलगी बौद्ध वस्तीतली. मीही बौद्ध. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, वडील शिकले, मी मास्तरीण झाले, आणि आता आमच्याकडे सगळं छान आहे असं सगळे म्हणतात. शाळेत तर कोणी काही बोलतच नाही.

शाळेत फक्त एक ट्रे आहे. स्टीलचा, कडेला वेल कोरलेली, सहा ग्लास मावतील एवढा. एरवी तो कपाटात कुलपात असतो. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी किंवा कोणी साहेब आले की बाहेर निघतो, आणि रिबिनी बांधलेली एक मुलगी तो घेऊन पाहुण्यांना पाणी देते. ती मुलगी हेडसर निवडतात. 'चुणचुणीत पाहिजे,' असं त्यांचं म्हणणं. अकरा वर्षांत निघालेल्या चुणचुणीत मुली सगळ्या वरच्या गल्लीतल्या निघाल्या, हा योगायोग मोठाच. आमच्या वस्तीतल्या मुलींना स्वागतगीत असतं. त्यांचा आवाज फार गोड आहे, असं सर म्हणतात. आवाज गोड आहेच. माझ्या लहानपणी माझाही फार गोड होता.

सरांना वाईट म्हणवत नाही. माझी आई आजारी होती तेव्हा त्यांनी महिनाभर माझा वर्ग सांभाळला. नवीन जालन्यातलं त्यांचं जुनं, शिकलेलं घर. त्यांनी गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायची सोय केली आहे आणि तेच गाळून, उकळून ते स्टीलच्या बाटलीतून रोज शाळेत आणतात. बाहेरचं पाणी त्यांना बिलकुल सोसत नाही. फाट्यावरच्या हॉटेलातलं मात्र सोसतं, तिथं टेबलावरच्या जगमधलं पाणी पिताना मी त्यांना दोनदा पाहिलंय. माझ्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला ते आवर्जून आले, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, अर्धा तास बसले. मी दिलेला ग्लास अर्धा तास हातात धरला आणि जाताना भरलेलाच टिपॉयवर ठेवला. ते घड्याळ अजून अगदी बरोबर वेळ दाखवतं.

तर त्या जुलैत खिडकीजवळची मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, पंधरा ऑगस्टला ट्रे मी नेऊ का? घरी सराव करून राह्यले मी. ताटात सहा गिलास ठिवून अंगणात चालते. एक थेंब सांडत न्हाई."

"बघू," मी म्हणाले. हा शब्द मी सरांकडून शिकले. सरांना मी विचारलं नाही. अकरा वर्षांत ट्रेचा विषय एकदाही माझ्या तोंडातून निघाला नव्हता, आणि मी त्याला शांत स्वभाव म्हणायचे. खरं तर ती भीती होती.

पुढच्याच आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब भेटीला यायचे ठरले. सर म्हणाले, "मॅडम, तुमचा तो जलचक्राचा प्रयोग ठेवू या." शाळेच्या बोअरची मोटार जळाली होती, म्हणून ती मुलगी घरून वस्तीच्या हापशाची कळशी भरून घेऊन आली. प्रयोग तिनंच केला. पातेल्यात पाणी, मधोमध दगडावर ठेवलेली रिकामी वाटी, वर झाकण म्हणून परात आणि परातीत कँडीवाल्याकडचा बर्फ. खाली शेगडी. वाफ वर गेली, गार परातीला लागली, थेंब झाले, परातीच्या पोटाशी जमले आणि टपटप वाटीत पडू लागले. तिनं खणखणीत आवाजात सगळं समजावून सांगितलं. ऊन कोणतं, ढग कोणता, पाऊस कोणता. साहेब खूश झाले. सर तर त्यांच्याहून खूश झाले.

"बघा साहेब," त्यांनी वाटी उचलून दाखवली, "जंतू गेले, क्षार गेले, सगळा गाळ खाली राहिला. याच्याइतकं शुद्ध पाणी कुठे मिळायचं नाही!" आणि बोलण्याच्या भरात चमच्यानं दोन घोट पिऊनही टाकले. एक चमचा साहेबांना दिला. कोपऱ्यातल्या कळशीवर त्या मुलीच्या आजीचं नाव कोरलेलं होतं, ते मला माझ्या जागेवरून स्पष्ट वाचता येत होतं.

पाहुणे गेल्यावर ती पातेलं घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मॅडम, सर आमच्या हापशाचं पाणी पेले."

"हो."

"वर जाऊन आलं म्हणून चाललं का?"

मला रागच आला. सरांचा आला, त्या चित्रातल्या हसऱ्या सूर्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. या पोरीला मी वाफ समजावून सांगितली होती, ढग समजावून सांगितला होता, आणि ट्रेचं तेवढं 'बघू'वर ठेवलं होतं.

"पंधरा ऑगस्टला ट्रे तू न्यायचा," मी म्हणाले.

त्या दिवशी सकाळी मी सर यायच्या आधीच कपाट उघडलं. ट्रे पुसताना मी दोनदा दाराकडे पाहिलं. तिनं मात्र ट्रे असा धरला की जणू जन्मापासून तिच्याच हातात होता. झेंडावंदन झालं, पाहुणे खुर्च्यांवर बसले, आणि ती निघाली. चप्पल काढून ठेवलेली, नजर ग्लासांवर. सरपंचबाईंनी एका दमात ग्लास रिकामा केला आणि दुसरा मागितला. साहेबांनी तिला ओळखलं, "अरे, ही तर आपली शास्त्रज्ञ!" म्हणाले आणि प्यायले. शेवटच्या खुर्चीवर सर होते.

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "अरे वा, शाब्बास," म्हणत ग्लास घेतला. तेवढ्यात त्यांच्या भाषणाची वेळ झाली आणि ते ग्लास हातात घेऊनच उठले. भाषण चांगलं झालं. पाणी म्हणजे जीवन, पाण्याला भेद नसतो, आमच्या शाळेतल्या प्रयोगाचं साहेबांनी किती कौतुक केलं, असं सगळं ते बोलले. मधे एकदा 'पाण्याचा प्रत्येक थेंब' म्हणताना ग्लास उंच करून दाखवला. टाळ्या पडल्या. मग खाली बसले आणि ग्लास खुर्चीच्या पायाशी ठेवला. काठोकाठ भरलेला.

तिनं ते पाहिलं. मी मागे उभी होते, मलाही ती पाहताना दिसली.

जिलेबी वाटून झाली, पांगापांग झाली. ती रिकामे ग्लास ट्रेमध्ये गोळा करत सरांच्या खुर्चीपाशी आली. मी लगबगीनं तिथं गेले. सरांचा घसा बसलाय, सरांचा उपवास आहे, सर भाषणाच्या नादात विसरले. अकरा वर्षांत मी स्वतःला सांगितलेली सगळी कारणं जिभेवर तयार होती.

तिनं भरलेला ग्लास उचलला, झेंड्याच्या खांबाशेजारी लावलेल्या लिंबाच्या रोपापाशी गेली आणि सगळं पाणी हळूहळू त्याच्या बुडाशी ओतलं. शेवटचा थेंब झटकला आणि माझ्याकडे वळून, मीच शिकवलेला धडा मला म्हणून दाखवावा तसं म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या मॅडम. आता हे ढगात जाईल अन् सरांच्याच गच्चीवर पडंल. तव्हा बाटली भरून आणतील की."