दुपारची कविता

वैजनाथ डोईफोडे वाईट कविता लिहायचे. माणूस भला होता म्हणून हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या वारज्याच्या सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. लातूरकडच्या एका साखर कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. बायको वारल्यावर उत्कर्षाने, त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, त्यांना आपल्याजवळ म्हणून पुण्यात आणलं आणि पुढे तिचीच बदली हैदराबादला झाली. गाव सुटलं, मुलगी लांब गेली, राहिला तो फ्लॅट आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप.

त्या ग्रुपवर रोज सकाळी डोईफोड्यांची कविता यायची. पाणी कधी येणार, लिफ्ट का बंद आहे आणि कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली आहे, या सगळ्याच्या मधोमध ती पडलेली असायची. विषय बहुधा प्रकृती. गुडघे दुखले की गुडघ्यांवर, साखर वाढली की साखरेवर. साधी सर्दी झाली तरी कवितेत प्राण कंठाशी यायचे. 'देहाच्या भग्न देवळात वेदनेची घंटा' असलं काहीतरी, प्रत्येक ओळीनंतर टिंबांची रांग, आणि खाली न चुकता 'कवी वैजनाथ, वारजे'. लोक हात जोडायचे, फुलं टाकायचे, 'वा सर' लिहायचे. वाचत कोणी नव्हतं. कविता वाचायला जेवढा वेळ लागेल त्याच्या आतच 'वा' येऊन पडलेली असायची.

मी मात्र वाचायचे. त्यात मोठेपणा काही नाही, ती खोड आहे. मी बरीच वर्षं एका साप्ताहिकात पुस्तकांची परीक्षणं लिहिली. पुढ्यात आलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि आवडलं नाही तर गप्प बसायचं, हा तेव्हाचा नियम. साप्ताहिक बंद पडलं, नियम राहिला. आता डोळ्यांत थेंब घालावे लागतात. डॉक्टर म्हणाले, वाचन कमी करा. कमी केल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. लग्न मी केलं नाही, भावंडं एकेक करून गेली. घरात दिवसभर आवाज म्हणाल तर फ्रिजचा.

जिन्यात भेटलो की डोईफोडे थांबायचे. हातात दुधाची पिशवी, पायात घरातल्याच सपाता. माझे डोळे कसे आहेत विचारायचे, त्यांच्या रक्तदाबाचं सांगायचे, आणि मग उगाच उभे राहायचे. कशाची वाट बघतात ते मला कळायचं. मी पाण्याच्या वेळेबद्दल बोलायचे. एकदा त्यांनी विचारलं, ग्रुपवरचे निरोप तुम्हाला येतात ना? येतात, म्हटलं. ते मान हलवून खाली गेले. मला वाईट वाटलं, पण खोटी तारीफ काही तोंडातून निघाली नाही.

मग गेल्या फाल्गुनातली ती दुपार. सोसायटी जेवून आडवी झालेली, आणि आडवं होऊन प्रत्येकजण फोन बघत असलेला. सकाळची कविता कधीच येऊन गेली होती, तरी डोईफोड्यांचं नाव पुन्हा दिसलं. खाली चार ओळी होत्या:

उजवा हात हलत नाही
जीभ जड झाली आहे
दाराला आतून कडी आहे
कोणी आहे का

मी चष्मा पुसेपर्यंत खाली हात जोडले गेले होते. कोणी लिहिलं, 'वा सर, एकटेपणाचं नेमकं चित्रण.' कोणी लिहिलं, 'शेवटची ओळ काळजाला भिडली.' आमचा सेक्रेटरी सलिल, तो कंप्युटरवाला, घरूनच काम करतो, त्याने 'सुपर्ब' असा शेरा मारला. मी ओळी पुन्हा वाचल्या. टिंबं नव्हती. देऊळ नव्हतं, घंटा नव्हती. खाली नावही नव्हतं.

जिना उतरून मी त्यांची बेल वाजवली. आत काहीतरी घसटल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. मी सलिलला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, आणि हळू आवाजात मला समजावू लागला.

"काकू, अहो, ती कविता आहे."

"कविता नाही ती," मी म्हटलं. "डोईफोडे इतकं चांगलं लिहीत नाहीत."

मीटिंग तशीच सोडून तो धावत आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. समोरच्या इमारतीत काम करणारा सुतार बोलावून आणला, कडी तोडली. डोईफोडे पलंगाच्या खाली पडलेले, फोन डाव्या हातात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ग्रुपवर तोवर त्या चार ओळींखाली फुलं पडतच होती.

आठवड्याने मी भेटायला गेले. बोलणं जड होतं, पण समजत होतं. जीभच वळेना तर फोन करून काय बोलणार, म्हणून ग्रुपवर लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. तिथे सगळे वाचतात, असं त्यांना वाटलं होतं. मग पंख्याकडे बघत म्हणाले,

"ताई, तुम्ही कधीच काही लिहिलं नाही."

"आवडल्या नाहीत."

तोंडाच्या ज्या बाजूला हसता येत होतं, ती बाजू हसली. "म्हणजे वाचल्या की."

"सगळ्या."

"आणि दुपारची?"

"ती चांगली होती," मी म्हटलं. "एक शब्द जास्तीचा नाही."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला थेंबांची सबब होती.

ते चालायला लागल्यावर उत्कर्षा त्यांना हैदराबादला घेऊन गेली. फ्लॅट भाड्याने दिला. आता त्यांचं नाव ग्रुपमधून काढू का, असं सलिलने विचारलं. खबरदार, म्हटलं. सकाळी आता पाण्याची वेळ येते, लिफ्टचं येतं, गाड्यांची भांडणं येतात. मी सगळं वाचते. एका वाईट कवीची इतकी सवय लागेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं असतं.

काल सकाळी राहवलं नाही. त्या ग्रुपवर मी आजवर कधीच काही लिहिलं नव्हतं. वैजनाथरावांना वेगळा निरोप पाठवता आला असता, पण त्यांच्या कविता जिथे यायच्या तिथेच लिहावंसं वाटलं. लिहिलं:

डोईफोडे, कविता येत नाही.
सकाळी फोन उघडते आणि वाचायला काही नसतं.
डाव्या हाताने लिहा. वाईट लिहा.
पण लिहा.

लगेच खाली हात जोडले गेले. कोणी लिहिलं, 'वा काकू, तुम्हीही लिहिता!' कोणी दोन फुलं टाकली. सलिलने लिहिलं, 'सुंदर.'

हैदराबादहून अजून काही आलेलं नाही. मी चष्मा लावून बसले आहे.