काकूंच्या मागच्या दारातला तांब्या

भुईगावात शेजारच्या काकूंना मी त्यांच्याच ओटीवर बसून इंग्रजी शिकवायचे. मी शाळेतून निवृत्त झालेली, डोक्याने तापट. पण त्यांची गरज खरी होती. विरारची नात रोज फोनवर विचारायची, "आजी, आर यू लोनली?" मुलाने बजावलं होतं, ज्या दिवशी हो म्हणशील, त्या दिवशी घराला कुलूप लावून तुला फ्लॅटवर नेतो. काकूंना वाडी सोडायची नव्हती.

"लोनली म्हणजे अलोनच ना, बाई?"

"मुळीच नाही. अलोन म्हणजे सोबत कोणी नाही, बस. लोनली म्हणजे आतून एकटं वाटणं, मग भोवती माणसं का असेनात. लोनली घर म्हणता येतं, लोनली बाई म्हणता येतं. अलोन बाई म्हणालात तर खबरदार. ते नामाच्या आधी बसत नाही."

"मग मी दोन्ही नाही," म्हणत त्या उठल्या. दिवेलागण झाली होती. तांब्या भरून मागच्या पायरीवर ठेवून आल्या. काका वाडीतून आले की पाय धुतल्याशिवाय घरात शिरत नसत. त्यांना जाऊन वर्षं लोटली होती.

"कसलं हे खूळ!" मी फटकारलं. निघताना मुद्दाम मागच्या दाराने गेले. तांब्या रिकामा होता, पायरी ओली. वाडीत चिटपाखरू नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला, आणि घाबरले म्हणून माझा मलाच राग आला.

दुसऱ्या दिवशी नातीने व्हिडिओ कॉलवर विचारलं. काकू ऐटीत म्हणाल्या, "नो. आय ॲम नॉट अलोन," आणि पुरावा म्हणून फोन ओल्या पायरीकडे वळवला. मुलाला वाटलं, आईचं डोकं फिरलं. रविवारी तो गाडी घेऊन आला.

काही दिवसांनी विरारहून काकूंचा फोन आला. "इथे घरभर माणसं आहेत, बाई. तुमचा लोनली आता कळला." मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या पायांवर पाणी कोण घालतं?"

"मी ठेवीन. रडू नका," मी खेकसले.

रोज ठेवायचे, मागे न बघता परतायचे. सकाळी तांब्या रिकामा असायचा. मग एकदा भरलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. विरारला फोन लावला. नातीने उचलला.

"आजी मजेत आहे. दाराबाहेर तांब्या ठेवते. आणि पॅसेज रोज कोणीतरी ओला करतं, बाबा वॉचमनवर ओरडतायत."

मी फोन ठेवला. बरं वाटलं, खरंच. तरी तांब्या अजून ठेवते. सकाळी भरलेला दिसला की आमच्या गल्लीत फार एकटं वाटतं.