शालनआत्या आणि ती सरळ रेघ

सांगलीहून फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर सरळ रेघ मारून दाखवत होतो. शालनआत्या गेली… महिना होत आला. साताऱ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिचा सारा जन्म बाळंतपणं करण्यात गेला. पोटाला लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकताना ती होणाऱ्या आईच्या तळहातावर बोटानं तोच ठेका धरायची. खोटं बोलून धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला लहानपणीच सांगून टाकलं होतं, "तुझा गळा गाण्याचा न्हाई रं, चित्रं काढ." म्हणून मी चित्रकलेचा मास्तर.

सोळा वर्षांपूर्वी माझ्या बायकोचा, सुनंदाचा, आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला, पाय सुजले. आत्या तोवर निवृत्त होऊन सांगलीला गेलेली. साताऱ्यात सुनंदाच्या पोटाला पट्टा बांधला आणि बाळाच्या ठोक्यांची रेघ उमटलेला कागद यंत्रातून सरकायला लागला. कागद संपला की हाक मारा, असं सांगून सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेल्या. आधी रेघ खाली-वर नाचत होती, मग हळूहळू सरळ झाली. मला बरं वाटलं… पोर निवांत झोपलं. कागद संपेपर्यंत मी कौतुकानं बघत बसलो, आणि सिस्टरना हाक मारायची सोडून आधी आत्याला फोन लावला. पट्टीनं मारल्यासारखी रेघ आहे, म्हटलं, मास्तराचं पोर शोभतं.

आत्यानं मला मधेच तोडलं. "आरं, बाळाचं काळीज एका चालीनं चालत न्हाई. सरळ रेघ म्हंजे जीव दमलाय त्याचा. पळ, डॉक्टरांना बोलीव."

तासाभरात सिझर झालं. मुलगी दोन दिवस होती.

तिसऱ्या दिवशी आत्या आली. तो कागद मागून घेतला, चष्मा लावून बराच वेळ बघितला. मी आधीच हाक मारली असती तर… एवढंच मी विचारू शकलो.

"पट्टा लावला तवाच रेघ सपाट हुती," ती म्हणाली. "तुझ्या हातात काय नव्हतं." आणि कागद तिनं पिशवीत टाकला. मला आठवत होतं ते वेगळं होतं. पण आत्या खोटं बोलत नाही, हे मी सोळा वर्षं घट्ट धरून बसलो.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला आम्ही दोघं सांगलीला गेलो. लाकडी नळीच्या डब्यात तो कागद घडी करून ठेवलेला होता. असल्या कागदावरचं काळाबरोबर उडून जातं. रेघ पार पुसली होती. सुरुवातीपासून वीतभर अंतरावर पेन्सिलीची एक खूण मात्र शाबूत होती, आणि शेजारी आत्याच्या अक्षरात दोन शब्द… इथवर बरं.

काय सापडलं, सुनंदानं दारातून विचारलं.

"काही नाही गं," मी म्हटलं, "कोरा कागद आहे." आणि घडी घालून तो पुन्हा नळीखाली ठेवला.